सकाळी कोणची बी गाडी पळती

३ फेब्रुवारी, सोमवार. चिटगुप्पा.

नवी वही. पहिल्या पानावर नाव लिहिलं, पुढे बी.ई. मेकॅनिकल लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं. चिंताकीच्या आमच्या घरात ही अक्षरं पहिल्यांदाच आली आहेत. त्यांनी का लाजावं?

आज गुरुपादअप्पांशी बोलणं झालं. त्यांच्या गॅरेजात मी सहा महिने आहे. गाडीखाली उभं राहून काम करायला इथे दोन खड्डे आहेत. एकात अप्पा, दुसऱ्यात जुने टायर. मी म्हटलं, "अप्पा, तो दुसरा खड्डा मला द्या. मी फक्त इंजिनाची ताकद वाढवायचं काम करीन. बिदरपासून कलबुर्गीपर्यंत असं काम कुणी करत नाही."

अप्पांनी चष्मा पुसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुसून काही होत नाही. म्हणाले, "नेत्रावतीची गाडी घे. तेवीस तारखेला कलबुर्गीत वेळेची शर्यत हाय. तिथं दुपारी बी सकाळइतकी पळाली, तर खड्डा तुझा."

"सकाळ-दुपारचा काय संबंध अप्पा? इंजिनाला घड्याळ नसतं."

"सकाळी कोणची बी गाडी पळती, तंगी. दुपारी पळवून दाव."

तंगी म्हणजे धाकटी बहीण, मला ते तसंच हाक मारतात. जुनी माणसं असं म्हणींत बोलतात.

दुसरी बाजूही लिहून ठेवते. बाबांनी ओळखीनं बिदरला एका ऑफिसात कंत्राटी डाटा एंट्रीची जागा बघितली आहे. एक मार्चला हजर व्हायचं. खड्डा मिळाला नाही तर जायचं, असं मी कबूल केलं आहे. बाबांचं म्हणणंही खोटं नाही. लोक विचारतात, पिराजी, तुमची इंजिनेर कुठं असती? आणि त्यांना "गॅरेजला" म्हणावं लागतं.

मला खात्री आहे, मी बिदरला जाणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

गाडी आली. नेत्रावतीअक्कांचं इथे बी-खताचं दुकान आहे. वय चाळीस, गावात गाडी सगळ्यांत नीट चालवणारी बाई. त्यांची गाडी जपानी बनावटीची छोटी, बाराशे सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. त्यांचे दीर बसवप्रभु यांच्याकडे हजार सीसीची तीन सिलिंडरची टर्बोवाली आहे. भांडण तिथूनच सुरू झालंय.

"वयनी, माझ्या कुकरपुढं तुमची चूल कुठवर पेटणार?" असं ते म्हणाले. टर्बोची शिट्टी वाजते म्हणून कुकर.

"चुलीवरचं जेवण गोड लागतंय, प्रभु," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "दीपा, लाज राख बाई."

मी त्यांना तिथेच बॉनेट उघडून समजावलं. इंजिन म्हणजे श्वास. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जळणार, तितका जोर. जपान्यांनी ही हवा आत घ्यायच्या वेगवेगळ्या युक्त्या काढल्या. सुझुकीच्या व्हीव्हीटीत झडपा उघडायची वेळ पुढे-मागे सरकते. होंडाच्या व्हीटेकमध्ये इंजिन जोरात फिरायला लागलं की झडपा जास्त उघडणारा दुसराच कॅम कामाला लागतो. निवांत माणूस एकदम तालमीत उतरावा तसा. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये विजेची मोटर सुरुवातीचा धक्का देते, इंजिन मागून येतं. आणि टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा कोंबायची.

"मंजे आपली गाडी आपल्या दमानं श्वास घेती आन् प्रभुची पंप लावून," अक्का म्हणाल्या.

मला चार वर्षं लागली हे समजायला.

ठरलेलं काम: उघडा मोठा फिल्टर, मोकळा पण कायद्यात बसेल असा सायलेन्सर, नवे प्लग, आणि गाडीच्या संगणकासाठी हैदराबादहून नवी फाइल. खर्च अक्कांचा, जबाबदारी माझी.

८ फेब्रुवारी, शनिवार.

अप्पा आज कलबुर्गीला लेकीकडे गेले. सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन, मग तिथेच विश्रांती. निघताना बॉनेटमध्ये वाकून माझा नवा फिल्टर हातानं चाचपला. लालभडक शंकूसारखा आहे, इंजिनाच्या बाजूला उघडाच बसतो. मूळचा काळा प्लास्टिकचा डबा मी काढला. काढताना त्याची पुढची सोंड तुटली. जाऊ दे, आता लागणार नाही.

अप्पांनी तळहात फिल्टरजवळ धरला, मग तोंडाशी नेऊन त्यावर फुंकर मारली आणि माझ्याकडे बघत राहिले. धूळ बसली असेल. मी फडक्यानं पुसून घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार.

सकाळी सव्वासात, तापमान १८. गावाबाहेर न विकल्या गेलेल्या प्लॉटिंगचा सरळ रस्ता आहे, दोन्ही टोकांना साखळी लावता येते. मालकाची परवानगी काढली. चारशे मीटर. मूळची गाडी १८.४ सेकंद घेत होती. आज १७.७!

फिल्टरचा आवाज काय सुंदर येतो. अक्का गाडीतून उतरल्या आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून नुसत्या हसत राहिल्या. मी घरी फोन करून आईला आकडे सांगितले. आई म्हणाली, "कमी झालंय का जास्ती झालंय? चांगलं कोणचं?"

११ फेब्रुवारी, मंगळवार.

बसवप्रभूंना दाखवायला दुपारी अडीचला फेरी घेतली. तापमान ३३. आधी पंधरा मिनिटं गाडी उन्हात चालू ठेवून ते गप्पा मारत होते. वेळ १८.६.

मूळच्या गाडीपेक्षाही वाईट.

"मॅडम, एवढा लाल फिल्टर लावलात, आत मिरची भरलीय का काय?" असं म्हणून ते गेले. अक्कांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दुकानाकडे गेल्या.

स्कॅनरवर पाहिलं. माझ्या स्वस्तातल्या स्कॅनरवर एका वेळी चारच आकडे दिसतात. मी वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान आणि ठिणगीची वेळ लावली होती. ठिणगी मागे सरकते आहे. म्हणजे पेट्रोल नको तेव्हा पेटून इंजिन आत ठोकतंय आणि संगणक भिऊन मागे घेतोय. कारण कळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

अभिमान गिळून अप्पांना फोन केला. त्यांच्या लेकीनं उचलून त्यांच्या कानाला लावला. मागे टीव्ही मोठ्यानं चालू होता. मी सगळं सांगितलं. अप्पा घाई झाली की कानडीतच बोलतात. माझं शिक्षण सगळं उदगीर-लातूरला झालं. मला "तंगी", "नोड" म्हणजे बघ, "बा" म्हणजे ये, "हौदु" म्हणजे हो, एवढंच येतं.

"गाळी नोडव्वा, गाळी," ते म्हणाले.

"गाळ बघू? गाळ आहे आत?"

"हौदु, गाळी. गाळी बिसी अद." आणि फोन कटला.

बिझी आहे म्हणाले. मोतीबिंदू काढलेला माणूस कशात बिझी असतो कोण जाणे.

पण गाळ! माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आत काजळी, जळक्या तेलाचा गाळ साचला असेल तर तो निखाऱ्यासारखा तापतो आणि इंजिन ठोकायला लागतं. पुस्तकात आहे हे. अप्पांनी साठ-सत्तर किलोमीटरवरून, डोळ्याला पट्टी बांधून ओळखलं. याला म्हणतात उस्ताद. अक्कांना मात्र विचारणा केल्याचं सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला वाटायला नको की हिला सारखं विचारावं लागतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

दोन दिवस गाळ काढते आहे. तेल काढलं, खालची परात उतरवली, झडपांवरचं झाकण उघडलं, सिलिंडरमध्ये औषध सोडलं. खरं सांगायचं तर फारसा गाळ निघाला नाही. अक्का वेळच्या वेळी तेल बदलतात, आतून इंजिन घासलेल्या तांब्यासारखं आहे. पण अप्पा म्हणाले म्हणजे असणारच. मला दिसत नसेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

सकाळी साडेसहा, तापमान १७. वेळ १७.६!

गाळ गेला. जिंकलो. आता कोणतीही दुपार येऊ दे.

१६ फेब्रुवारी, रविवार.

दुपारी तीन. ३४. वेळ १८.७.

आज काही लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

जेवायचं मन नव्हतं. अक्का ओढून स्टँडजवळच्या हॉटेलात घेऊन गेल्या, बिसीबेळे भात मागवला. विचारात मोठा घास घेतला आणि जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. पोळल्यामुळेच आलं, असं मी अक्कांना सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "हरलो तर हरलो. मी शर्यतीत उतरणारी एकलीच बाई हाय, त्येच लोक बघतील."

"मी तुमची गाडी बिघडवली अक्का."

"मग नीट कर. आठवडाभर हाय की."

संध्याकाळी बाबांचा फोन. "जयभीम. एक तारखेचं ध्यानात हाय न? आधार, दहावीचं सर्टिफिकेट, फोटू चार."

"हो बाबा. काढून ठेवलेत."

"गाडी पळत न्हाई का गं?"

"सकाळी पळते."

"आन् दुपारी?"

"दुपारी दमते."

"उनाचं मान्सं बी दमतेत," बाबा म्हणाले. समजूत घालायची त्यांची पद्धत. फोन ठेवल्यावर खरंच चार फोटो पाकिटात घातले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

आज जे झालं ते नीट, शब्दाला शब्द लिहिते.

आईशी बोलत होते. ती शेतातलं सांगत होती, हरभरा झालाय, विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलंय, मोटारीचा पाइप कसाबसा टेकायलाय. मी हूं हूं करत होते. मग तिनं विचारलं, "तुझ्या म्हाताऱ्या उस्तादाला इचारलीस का न्हाई?"

"विचारलं. गाळ काढ म्हणाले. सगळा काढला."

"गाळ म्हन्ले?"

"ते कानडी माणूस. 'गाळी, गाळी' म्हणतात. सगळ्या शब्दांना शेपूट लावतात."

आई हसायला लागली. थांबेचना. "अगं येडे, आमी कापूस येचाया तेलंगणात जात व्हतो न, तिथल्या बाया दिवसभर गाली गाली करायच्या. गाली मंजे वारं! कानडीत बी तसंच आसंल की. कामून गाळ काढत बसलीस?"

अप्पांची फुंकर. तळहातावर मारलेली. मी फिल्टर फडक्यानं पुसला होता.

आणि मग जिभेवरचा फोड आठवला. बिसीबेळे. बिसी. पळत अक्कांच्या दुकानात गेले. युरियाच्या पोत्यांमागून ओरडून विचारलं, "अक्का, गाळी बिसी अद म्हणजे काय?"

"हवा गरम हाय. कामून गं?"

साठ-सत्तर किलोमीटरवरून, डोळ्याला पट्टी बांधून. आणि मी म्हणे उस्ताद बिझी आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

वही पहिल्यापासून वाचली. लाजत वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. १८ अंश, १७.७. ३३ अंश, १८.६. १७ अंश, १७.६. ३४ अंश, १८.७. एवढ्या चार ओळी एकाखाली एक मांडल्या असत्या तर चिंताकीच्या शाळेतल्या पोरानं सांगितलं असतं. अप्पांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी त्याला म्हण म्हटलं.

दुपारी स्कॅनरवर पाण्याचं तापमान काढून आत जाणाऱ्या हवेचं लावलं. बाहेर ३३. गाडी दहा मिनिटं चालू ठेवल्यावर आत ६८. माझा सुंदर लाल फिल्टर इंजिनाच्या बाजूला बसून इंजिनाचीच वाफ ओढत होता. गरम हवा विरळ असते, जोर कमी. वर इंजिन ठोकतं, ठिणगी मागे जाते. जपानी इंजिनिअरनी काळ्या डब्याला सोंड देऊन पुढच्या जाळीतून थंड हवा ओढायची सोय केली होती. मी ती "अपग्रेड" म्हणून काढून टाकली. आणि सोंड तोडली.

नवी सोंड हैदराबादहून यायला आठ दिवस. शर्यत चार दिवसांवर. साधा पाइप लावून पाहिला. इंजिन जोरात ओढायला लागलं की चपटा होतो, श्वासच बंद. आईला फोनवर हे सांगितलं. निदान तिला हसायला आणखी एक.

आज निराश नाही. चूक सापडली आहे, आणि ती माझीच आहे. माझी चूक मला दुरुस्त करता येते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

सकाळी अकराला बाबा गॅरेजच्या दारात. पांढरा सदरा, खांद्यावर पोतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आले. मी खड्ड्यात होते, तोंडाला ग्रीस.

"बाबा! कामून आलात?"

"तुझी माय म्हन्ली, पोरीला न चपटनारा पाइप पायजे." पोत्यातून हिरवा, कडक कड्यांचा पाइप काढला. दोन हात लांब. "मोटार हिरीतून पाणी वढती, तवा साधा पाइप चपटतोय. म्हणून ह्येला कड्या असत्यात. तुझं इंजिन वारं वढतंय, मोटार पाणी. वढणं एकच."

चार वर्षांत मला ओढणाऱ्या नळीची भिंत कुणी इतक्या कमी शब्दांत शिकवली नव्हती.

"मोटारीचा कापलात का?"

"टोक व्हतं जादाचं. औंदा पाणी वरच हाय."

बरं झालं. पाणी वर असेल तर अडचण नाही.

मूळचा काळा डबा परत बसवला, आत नवा सपाट फिल्टर. पाइपाचं एक टोक डब्याला, दुसरं पुढच्या जाळीमागे. बाबांनीच तार आवळली. माझ्यापेक्षा त्यांची गाठ पक्की. मग ते स्टुलावर बसून बघत राहिले. मी स्पार्क प्लग काढले, पुसले, अंतर मोजलं, परत लावले. चहा आला. बाबांनी चहावाल्याला सांगितलं, "ती माझी पोरगी. इंजिनेर हाय." तो म्हणाला, "म्हाईत हाय की, रोज उधारीवर चहा पिते."

दुपारी तीन. ३३. आत जाणारी हवा ३९. वेळ १७.८.

आवाज मात्र गेला. ती सूं सूं आता येत नाही. अक्का म्हणाल्या, "गाडी गप झाली." मी म्हटलं, "काम करायला लागली की गप होतात."

बाबा चारच्या बसनं गेले. एक तारखेचा विषय काढला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. कलबुर्गी.

गावाबाहेरचं मैदान, चुन्यानं आखलेली चारशे मीटर. बाराशे सीसीपर्यंतच्या गाड्यांचा एकच गट. तीन फेऱ्या, तिन्हींची बेरीज. आमची पाळी अडीचला. तापमान ३५.

अप्पा लेकीचा हात धरून आले. काळा चष्मा, पांढरी टोपी. मी पाया पडले आणि म्हटलं, "अप्पा, गाळी म्हणजे वारं."

"मग तुला काय वाटलं?"

"गाळ."

अप्पांना पहिल्यांदा कळलं नाही. कळलं तेव्हा लेकीचा हात सोडून गुडघ्यांवर हात ठेवून हसले. डॉक्टरांनी हसू नका सांगितलं होतं म्हणे. "आन् काढलीस? इंजिन उघडून?"

"दोन दिवस."

"निघाला का?"

"नाही."

"नेत्रावतीची गाडी हाय ती. तिच्यात कुठला गाळ!"

पहिली फेरी: बसवप्रभु १७.२, अक्का १७.९. टर्बोचा जोर खालपासूनच मिळतो, सुरुवातीलाच पुढे जाते. आमच्या इंजिनाला आधी फेरे चढवावे लागतात. दुसरी: ते १७.५, अक्का १७.८. मध्ये बसवप्रभु गाडी उन्हात चालू ठेवून मित्रांना शिट्टी ऐकवत होते. अक्कांनी गाडी बंद करून बॉनेट उघडं ठेवलं आणि छत्री धरून उभ्या राहिल्या. इंजिनावर, स्वतःवर नाही.

तिसरी: ते १८.०. दाबलेली हवा आधीच तापते, वर ऊन. अक्का १७.८.

बेरीज: ५२.७ आणि ५३.५. आठ दशांशांनी हरलो. गटात दुसरा क्रमांक.

मी कागदावरच्या आकड्यांकडे बघत होते. अप्पा म्हणाले, "वाच."

"सतरा नऊ, सतरा आठ, सतरा आठ."

"सकाळी प्लॉटिंगवर किती व्हती?"

"सतरा सहा, सतरा सात. पण अप्पा, म्हणजे सकाळइतकी नाही झाली. एक-दोन दशांश..."

"पस्तीस अंशात?" अप्पांनी काळा चष्मा काढला, लेक ओरडली, परत घातला. "टायर उद्या उचल तंगी. खड्डा मोकळा कर."

बसवप्रभु कप घेऊन आले. अक्कांच्या बॉनेटमध्ये वाकून हिरवा पाइप बघितला. "ह्ये काय, हिरीचं?"

"व्हय," अक्का म्हणाल्या.

त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, कुकरला बी थंड वारं लागतंय म्हणा की. बुधवारी आणू का?"

१ मार्च, शनिवार. चिटगुप्पा.

सकाळी दहा. तापमान २६.

बिदरच्या ऑफिसला काल फोन करून येत नाही सांगितलं. मग बाबांना फोन केला. घाबरले होते मी. बाबा म्हणाले, "बरं," आणि मग, "लोक इचारले तर काय सांगू?"

"गॅरेजला असते सांगा. स्वतःच्या खड्ड्यात."

"खड्ड्यात म्हन्लं तर लोक हसतेत गं," बाबा म्हणाले, आणि स्वतःच हसले.

टायर उचलले. खड्डा झाडला. बसवप्रभूंच्या गाडीला पुढून हवा खेळवायचा पत्रा बसवला, दुपारच्या फेऱ्या उद्या. सगळं तारीख, तापमान, वेळ असं लिहून ठेवलं आहे आणि आता दर शनिवारी मागची पानं वाचायची असा नियम केला आहे.

त्या नियमानं आज पहिल्यांदा वाचत बसले. अठरा तारखेच्या पानावर थांबले. गाळी-गालीच्या आनंदात मी त्या दिवशी आईचं बोलणं नुसतं लिहून घेतलं होतं: विहिरीचं पाणी दोन हात खाली गेलंय, मोटारीचा पाइप कसाबसा टेकायलाय. एकवीसच्या पानावर बाबा: औंदा पाणी वरच हाय. दोन हात लांब पाइप. खाली माझीच ओळ: बरं झालं.

आठ दिवस मोटारीचा पाइप पाण्याला टेकलेला नाही. हरभरा निघाला असेल, पण भाजी आहे, गाईचा चारा आहे. आईनं रोज फोनवर आकडे विचारले, आपले सांगितले नाहीत.

अप्पांना विचारून गॅरेज लवकर बंद केलं. अक्कांच्या दुकानाशेजारी विहिरीच्या मोटारीचं सामान मिळतं. हिरवा, कड्यांचा, त्याच जाडीचा मागितला.

"किती हात?" दुकानदारानं विचारलं.

"चार," मी म्हटलं. "दोन कापलेले, दोन खाली गेलेले."

चिंताकीला घरी जायला साडेबाराची बिदर बस येते आहे. पाइप मांडीवर घेऊन बसले आहे.